वाचकांचे प्रश्न : भादलीचे रूळ आणि हॅरोगेटचे हॉटेल

लेखकांच्या आयुष्यातल्या न उलगडलेल्या घटनांवर कथा-कादंबरी कशी लिहावी, याविषयी खानदेशातून आलेली बरीच पत्रे दोन घटनांभोवती फिरतात. एक आपल्या दारातली, बालकवींच्या मृत्यूची. दुसरी इंग्लंडातली, रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता झाल्याची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

बालकवींच्या अखेरच्या दिवसावर दीर्घकथा लिहायची आहे. अपघात की आत्महत्या, याचा निकाल मी कथेत लावू का? आणि सुरुवात कुठून करू? (धरणगाव)

सुरुवात वहीपासून करा. डाव्या पानावर फक्त कागदोपत्री सापडणारी गोष्ट लिहा, उजव्या पानावर तुमची कल्पना. डाव्या पानाला तीन रकाने पाडा : काय घडले, ते कुणी सांगितले, केव्हा सांगितले. तिसऱ्या रकान्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. त्याच आठवड्यात लिहिलेले पत्र आणि चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांचे वजन सारखे नसते. आठवण खोटी असते असे नाही, पण मधल्या काळात कवीची थोरवी तिच्यात मिसळलेली असते.

डाव्या पानावर निर्धास्तपणे लिहिता येईल ते असे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या घरातला सहवास. मृत्यू ५ मे १९१८, जळगाव आणि भुसावळ यांच्यामधल्या भादली स्टेशनाजवळ, रेल्वेखाली. वय २७, अठ्ठाविसावे पुरे व्हायला तीन महिने होते.

यापुढची हकीकत सांगितली जाते ती अशी : मित्राच्या भेटीला निघालेले बालकवी पायवाटेने रूळ ओलांडत होते. दोन रूळ एकत्र येतात तिथे पायताण तारेत अडकले, ते सोडवताना मालगाडी आली. दुसरी कुजबुज आत्महत्येची. तिला बळ मिळाले ते मुख्यतः त्यांच्या कवितांतल्या उदासीमुळे. इथे आमचे मत स्पष्ट आहे : कविता हा पंचनामा नव्हे. ‘आनंदी आनंद गडे’ आणि ‘औदुंबर’ एकाच हाताने लिहिल्या. पहिलीवरून तो माणूस सदा सुखी होता असे कुणी म्हणत नाही, मग दुसरीवरून तो मरायला निघाला होता असे का म्हणावे? एखादी कविता पुरावा म्हणून वापरायचीच असेल, तर आधी ती कोणत्या वर्षी लिहिली ते पाहा. दहा वर्षांपूर्वीची उदास ओळ शेवटच्या सकाळी त्यांच्या तोंडी घालणे ही सरळ फसवणूक आहे.

आता रूळ. हा प्रसंग लिहिणाऱ्याने सांधा नीट समजून घ्यायलाच हवा. एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर गाडी वळवण्यासाठी टोकाकडे निमुळती होत गेलेली रुळाची पाती असते. ती बाजूच्या पक्क्या रुळाला चिकटते किंवा त्यापासून काही इंच सुटते. पाय अडकतो तो त्या फटीत, किंवा पुढे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या खाचेत. सिग्नलची तार ही वेगळी चीज. हात खाली-वर होणाऱ्या जुन्या सिग्नलला केबिनमधल्या खटक्यापासून तार जाते. रुळाच्या कडेने, घोट्याच्या उंचीला, लहान खुंट्यांवरच्या चाकांवरून ती ओढली जाते. तिला अडखळून माणूस पडतो, चपलेचा अंगठा तिच्यात गुंततो. ‘सांध्यात पाय’ आणि ‘तारेत पायताण’ हे दोन निराळे अपघात आहेत. पहिल्यात माणूस जखडतो. दुसऱ्यात तो पायताण सोडून पळू शकतो, पण वाकतो, आणि वाकणाऱ्याला समोरचे दिसत नाही. कथेत दोन्ही एकत्र करू नका.

वेळेचे गणितही करा. ताशी २० मैल वेगाने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २९ फूट कापते. इंजिन ६०० फुटांवर असताना नजरेस पडले, तर हातात वीस सेकंद उरतात. त्या वीस सेकंदांत कथेतला माणूस अर्ध्या पानाचे चिंतन करू लागला, की वाचकाचा विश्वास तिथेच सुटतो. भरलेली मालगाडी एवढ्या अंतरात थांबत नाही, त्यामुळे ‘ड्रायव्हरने ब्रेक लावला असता तर’ हा धागा उगाच लांबवू नका. ‘गाडीचा आवाज कसा आला नाही?’ हा प्रश्न वाचक विचारणारच. वारा कोणत्या दिशेने होता, मार्ग वळणावर होता का, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी होती का, या तिन्हींचा तुमच्या कथेपुरता निर्णय आधी घ्या, तो उजव्या पानावर लिहा आणि शेवटपर्यंत पाळा.

निकालाबद्दल. आमचा सल्ला, लावू नका. कारण तांत्रिक आहे. निकाल लावायचा तर त्या शेवटच्या क्षणी एका खऱ्या माणसाच्या मनात काय होते ते तुम्हाला ठरवावे लागते, आणि एकदा ठरवले की मागची सगळी पाने त्या दिशेने वाकू लागतात. आत्महत्या ठरवलीत तर त्याचे प्रत्येक हसू खोटे लिहावे लागते. अपघात ठरवलात तर त्याचा प्रत्येक उसासा गाळावा लागतो. त्यापेक्षा त्याला जिवंत पाहणारा शेवटचा माणूस जिथे मागे राहतो तिथे एक प्रकरण संपवा, आणि धावत पोचणाऱ्या पहिल्या माणसापासून पुढचे सुरू करा. मधली दहा मिनिटे कोरी ठेवा. कथा सांगणारा म्हणून रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला उत्तम. त्याला रूळ ठाऊक, कविता ठाऊक नाही. मेलेला माणूस कोण होता हे त्याला उशिरा कळते, आणि कथेला लागणारा धक्का त्यात आपोआप मिळतो.

१९१८ चा खानदेश उभा करताना कोणत्या चुका हमखास होतात? (भुसावळ)

पहिली चूक ‘जळगाव जिल्हा’. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन भाग झाले होते. धरणगाव, जळगाव, भादली हे सारे पूर्व खानदेशात. त्या काळचा माणूस पूर्व खानदेश म्हणेल किंवा नुसते खानदेश.

दुसरी, साथ. १९१८ म्हटले की लेखक लगेच इन्फ्लुएंझाची प्रेते दाखवतात. मुंबईत ती साथ जून १९१८ मध्ये उतरली आणि तिचा खरा संहार सप्टेंबर-ऑक्टोबरात झाला. ५ मे रोजी खानदेशात तिचे नावही नव्हते. प्लेग मात्र लोकांच्या बोलण्यात असणार, त्याची वीस-बावीस वर्षांची दहशत होती. महायुद्ध चालू होते आणि महागाई होती. एक रुपयाची कागदी नोट नोव्हेंबर १९१७ मध्ये आली, म्हणजे मे महिन्यात ती नवीच. बाजारातल्या म्हाताऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली तर शोभेल. हिशेब रुपये-आणे-पै, अंतर मैल आणि कोस. किलोमीटर लिहिलात की संपले.

तिसरी, माणसे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत आले १९२४ मध्ये, त्यांना या कथेत आणू नका. बहिणाबाई त्या वेळी जळगावात होत्या, वय ३८ च्या आसपास, पण कवयित्री म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हते. त्यांच्या कविता छापून आल्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये. दोन कवी वाटेत भेटले असा प्रसंग लिहिण्याचा मोह फार होतो, तो आवरा. रेव्हरंड टिळक मात्र हयात होते, ते गेले ९ मे १९१९ ला. नाटककार राम गणेश गडकरीही जानेवारी १९१९ पर्यंत होते. मृत्यूची बातमी या दोघांपर्यंत कशी पोचली असेल, यावर एक पूर्ण प्रकरण उभे राहू शकते, आणि ते कुणी फारसे हाताळत नाही याचे आम्हाला वाईट वाटते.

चौथी, पंचांग आणि घड्याळ. ५ मे १९१८ हा रविवार. शके १८४०, चैत्राचा कृष्णपक्ष, अमावास्येला पाच-सहा दिवस बाकी. म्हणजे आदल्या रात्री चंद्र मध्यरात्र उलटून बऱ्याच वेळाने उगवणार. ‘टिपूर चांदण्यात कवी अंगणात बसला होता’ असे लिहिलेत तर ते चुकीचे. चांदण्या मात्र हव्या तेवढ्या दाखवा. रेल्वेचे घड्याळ १९०६ पासूनच्या प्रमाणवेळेने चाले, आणि भादलीला सूर्य डोक्यावर यायचा तो त्या घड्याळात साधारण बारा वाजून चोवीस मिनिटांनी. गावातला माणूस ‘बारा वाजले’ म्हणतो तेव्हा स्टेशन मास्तरचे घड्याळ पुढे असते. हा पंचवीस मिनिटांचा फरक गाडी चुकण्याच्या प्रसंगात छान कामाला येतो. सूर्योदय सहाच्या थोडा आधी, सूर्यास्त सातच्या थोडा आधी.

पाचवी, ताट आणि शेत. मे महिन्यात वांग्याच्या भरिताची पार्टी दाखवू नका, भरीत थंडीतले. वैशाखाच्या तोंडावर गच्चीवर पापड, कुरडया, शेवया वाळत असतात. रोजच्या जेवणात कळण्याची भाकरी चालेल, पाहुणा आला तर पुरणाचे मांडे आणि आमरस. कापसाची वेचणी या दिवसांत नसते. शेते उघडी, नांगरट होऊन तापत पडलेली.

कागदांसाठी धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ गाठा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाचा आहे, १८८० चा. वाटा, बाजार, पिके, वस्ती यांसाठी तो अजूनही उपयोगी, पण त्यातले आकडे १९१८ चे म्हणून वापरू नका. मध्ये अडतीस वर्षे गेली आहेत, आणि मधल्या काळात सुरत-जळगाव मार्गही आला. धरणगावचा माणूस जळगावला बैलगाडीने निघाला असे लिहायचे असेल तर कारण द्यावे लागेल, कारण गाडी दारातून जात होती.

अगाथा ख्रिस्तीच्या अकरा दिवसांवर मराठीत कथा लिहितो आहे. तर्क पुष्कळ आहेत, कोणता घेऊ? (चाळीसगाव)

तर्क नंतर, दिवस आधी. शुक्रवार ३ डिसेंबर १९२६, रात्री पावणेदहाच्या सुमारास ती बर्कशरमधल्या सनिंगडेलच्या घरातून मॉरिस गाडी घेऊन एकटी निघाली. सात वर्षांची मुलगी रोझालिंड घरात झोपलेली. शनिवारी सकाळी गाडी सरे परगण्यात गिल्डफर्डजवळ न्यूलँड्स कॉर्नरला, रस्ता सोडून चुनखडीच्या खाणीच्या कडेला सापडली. आत फरचा कोट आणि मुदत संपलेला वाहन परवाना. त्याच दिवशी ती दोनेकशे मैलांवरच्या, यॉर्कशरमधल्या हॅरोगेटला पोचली आणि स्वान हायड्रोपॅथिक हॉटेलात ‘मिसेस टेरेसा नील, केपटाउन’ या नावाने उतरली. शनिवार ११ ला ‘टाइम्स’मध्ये जाहिरात आली : दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या टेरेसा नीलच्या नातेवाइकांनी व मित्रांनी संपर्क साधावा. इकडे पोलीस आणि हजारो स्वयंसेवक सरेची राने तुडवत होते. हॉटेलातल्या बँडमधल्या वादकांनी तिला ओळखले, आणि मंगळवारी १४ तारखेला पती आर्चिबाल्ड तिथे येऊन पोचला. स्मृतिभ्रंश झाला होता, एवढेच कुटुंबाने सांगितले. १९७७ मध्ये निघालेल्या तिच्या आत्मचरित्रात या दिवसांबद्दल चकार शब्द नाही.

मागची पार्श्वभूमी : त्याच वर्षी एप्रिलमध्ये आई गेली होती, आणि नवऱ्याने नॅन्सी नील नावाच्या तरुणीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला होता. म्हणजे हॉटेलच्या वहीत तिने लिहिले ते होऊ घातलेल्या सवतीचे आडनाव. कथेचा गाभा तिथे आहे. खाण, गाडी, शोध यांचा भपका त्यापुढे फिका.

आता तर्क निवडण्याची रीत. चार वस्तू समोर ठेवा : थंडीत मागे टाकलेला कोट, ते आडनाव, टाइम्सची जाहिरात, आणि दीर कॅम्पबेलला धाडलेले पत्र, ज्यात आपण यॉर्कशरला प्रकृतीसाठी जात असल्याचे तिने लिहिले होते. प्रत्येक तर्क या चारही वस्तूंवर घासून पाहा. स्मृतिभ्रंश म्हटला तर कोट सुटतो, पत्र सुटत नाही. त्यात लिहिलेल्या मुलखातच ती सापडते. नवऱ्याला खुनाच्या संशयात अडकवायचा डाव म्हटला तर आडनाव सुटते, पण मग ठिकाण सांगणारे पत्र का धाडले? पुस्तके खपवण्याचा खटाटोप म्हटला तर पुढची पन्नास वर्षे ती जवळजवळ गप्प का राहिली? आमच्या मते दोन तर्क एकामागून एक येऊ द्यावेत. निघताना नवऱ्याचा एक शनिवार-रविवार नासवायचा एवढाच हेतू, आणि गाडी खाणीच्या कडेला थांबल्यावर काहीतरी खरोखर तुटलेले. असे केले की चारही वस्तू जागेवर बसतात. ही आमची मांडणी, इतिहास नव्हे.

बारीक गोष्टी. ५ डिसेंबरला अमावास्या होती, त्यामुळे ती रात्र काळोखी. डिसेंबरात तिकडे सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आधी मावळतो. आपल्याकडच्या सवयीने सहाला फटफटले असे लिहू नका. आर्थर कॉनन डॉयलने तिचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या माणसाकडे नेला हे खरे आहे, पण कथेत घेतलेत तर तो प्रसंग सगळे लक्ष ओढून नेतो. एका ओळीत उरका. आणि तिला त्या अकरा दिवसांत एखाद्या खऱ्या खुनाचा छडा लावायला पाठवू नका. तो तिच्या पुस्तकांचा साचा आहे, तिचे दुःख त्यात बसत नाही.

हीच घटना तोरणमाळला आणली तर? (शहादा)

मग ख्रिस्तीचे नाव सोडा आणि नवीन बाई उभी करा. गणित उलटे होते ते असे : १९२६ च्या इंग्लंडात अनोळखी, बऱ्या कपड्यातली एकटी बाई हॉटेलात उतरते, पैसे भरते, आणि कुणी फार विचारत नाही. फोटो रोज वर्तमानपत्रात असूनही ती दहा दिवस खपून जाते. आपल्याकडे त्याच वर्षी धर्मशाळेच्या दारातच गाव, सासर, जात, बरोबर कोण, हे चार प्रश्न येतात. तिथे लपणे हेच अवघड. म्हणून तुमच्या कथेचा प्रश्न ‘ती कुठे होती’ हा राहत नाही, ‘तिला ओळखूनही कोण गप्प राहिले’ हा होतो. आम्हाला हा प्रश्न जास्त आवडतो.

संवाद अहिराणीत लिहावेत का? (शिरपूर)

माणूस पाहून. भादली, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात अहिराणी नव्हे, लेवा बोली. तिथे ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘आभाळ’चे ‘आभाय’ होते. अमळनेर, धुळे, शिरपूर, साक्रीकडची पात्रे ‘काय करी ऱ्हायना’, ‘माले’, ‘तुले’ म्हणतील. सांधेवाला भादलीचा असेल आणि तो अहिराणी बोलला, तर जळगावचा वाचक पुस्तक मिटेल. भुसावळला अँग्लो-इंडियन रेल्वेवाल्यांची मोठी वस्ती होती. ड्रायव्हर तसा दाखवलात तर त्याची भाषा मोडकी हिंदुस्थानी. बालकवींच्या पत्रांची आणि विचारांची भाषा प्रमाण मराठीच ठेवा. कविताही ते त्याच भाषेत लिहीत होते.

एक मोजमाप : बोलीतले वाक्य सलग तीन-चार ओळींपेक्षा लांबले तर बाहेरचा वाचक अडखळतो. क्रियापद आणि सर्वनाम बोलीत ठेवा, उरलेले शब्द ओळखीचे राहू द्या. कंसात अर्थ देऊ नका, पुढच्या माणसाच्या उत्तरातून अर्थ कळू द्या.

कायद्याची काही अडचण? नावे बदलली तर सुटका होते का? (पाचोरा)

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. बालकवींच्या ओळी मोकळ्या आहेत, लक्ष्मीबाई टिळकांचे लेखनही (त्या १९३६ मध्ये गेल्या). ख्रिस्ती १९७६ मध्ये गेली, त्यामुळे तिच्या वाक्यांचे भाषांतर परवानगीशिवाय छापू नका. घटना आणि तारखा कुणाच्याच मालकीच्या नसतात. मृत व्यक्तीवरचा आरोपही, तो जिवंत असता तर त्याची बेअब्रू झाली असती आणि घरच्यांची मने दुखवण्याचा हेतू होता असे ठरले तर, अब्रुनुकसानीत धरता येतो. नाव बदलले आणि बाकी सगळे ओळखू येण्याजोगे ठेवले, तर काही बदलत नाही. दोषी माणूस हवाच असेल तर तो पूर्णपणे कल्पित ठेवा. घरातल्या खऱ्या माणसांच्या माथी काही मारू नका.

एडगर अॅलन पो घेऊ का? (नंदुरबार)

घ्या, पण या अमेरिकन लेखकाच्या मृत्यूचा पट फार मोकळा आहे. ३ ऑक्टोबर १८४९ ला तो बाल्टिमोरमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत सापडला, अंगावर दुसऱ्याचे वाटावे असे कपडे, आणि ७ तारखेला इस्पितळात गेला. मागचे कित्येक दिवस कोरे. नवशिक्याला एवढी मोकळीक घातक ठरते, कारण अडवणारा एकही खुंट नसतो. आधी घट्ट तारखांची घटना हाताळा.

शेवटी ‘लेखकाचे निवेदन’ द्यावे का? त्यात काय असावे? (यावल)

द्यावे, पुस्तकाच्या शेवटी, एका पानात. सुरुवातीला दिलेत तर वाचक पहिल्या पानापासून खरे-खोटे तपासत बसतो. तीन गोष्टी लिहा : कोणती पात्रे खरी, कोणती कल्पित. कोणत्या तारखा किंवा ठिकाणे कथेसाठी हलवली आणि किती. आणि कोणता प्रसंग पूर्णपणे तुमचा आहे. तिसरी टाळली जाते आणि तीच सर्वांत गरजेची, कारण तुमचा सांधेवाला चांगला उतरला तर दहा वर्षांनी कुणीतरी त्याला खरा साक्षीदार म्हणून लेखात वापरेल. निवेदन लिहिताना ती डाव्या-उजव्या पानांची वही समोर ठेवा. उजवे पान कुठे डाव्यात शिरले आहे ते तेव्हाच दिसते, आणि ते दिसले की छापखान्यात जाण्याआधी एकदा मागे जाऊन तेवढी वाक्ये दुरुस्त करा.